आकडी गेली, भोक आले

मुठीलगत पात्यावर १९०७ असे ठळक उमटलेले असते आणि पहिली चूक तिथेच होते. विकणारा त्यावर बोट ठेवून म्हणतो, “बघा साहेब, सालच लिहिलंय!” घेणारा चष्मा वर सरकवून बघतो, आकडा खरोखर असतो, आणि मान डोलते. दोघांपैकी कुणीही लबाडी करत नसतो. फक्त ते जन्मसाल नव्हे, नमुन्याचे नाव आहे. ब्रिटिश लष्कराने आखूड ली-एनफिल्ड रायफलीसाठी जी लांब संगीन ठरवली तिला ‘पॅटर्न १९०७’ म्हणतात. ही रायफल म्हणजे आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेल्या थ्री नॉट थ्रीच्या घराण्यातली. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियात घडवलेल्या संगिनीवरसुद्धा १९०७ हाच आकडा आहे. मोटारीच्या मागे लिहिलेले ‘८००’ जसे तिची किंमत सांगत नाही, तसेच हे.

खरे जन्मसाल त्याच्या खाली, लहान आकड्यांत असते. आधी महिना, मग वर्षाचे शेवटचे दोन आकडे. ८ आणि १६ असेल तर ऑगस्ट १९१६. वरून खाली वाचत गेले की क्रम असा लागतो: राजमुकुट, राजाची आद्याक्षरे, १९०७, महिना-वर्ष, आणि शेवटी घडवणाऱ्याचे नाव. आद्याक्षरे ई. आर. असतील तर राजा सातवा एडवर्ड. तो १९१० च्या मे महिन्यात वारला, त्यानंतर जी. आर. म्हणजे पंचम जॉर्ज. ई. आर. आणि १९१६ एकाच पात्यावर दिसले तर ठसे उमटवणाऱ्याला इंग्लंडचा इतिहास कच्चा होता, असे समजून पुढच्या दुकानाकडे वळावे. नावे मोजकीच आहेत: विल्किन्सन, सँडरसन, चॅपमन, मोल, व्हिकर्स, एनफिल्डचा सरकारी कारखाना, अमेरिकेतला रेमिंग्टन, ऑस्ट्रेलियातला लिथगो, आणि आपल्याकडचा कोलकात्याजवळचा ईशापूर. ईशापूरच्या संगिनीवर मुकुटाखाली जी. आर. आय. असते. तो शेवटचा आय म्हणजे ‘इम्परेटर’, सम्राट. इंग्लंडात राजा असलेला माणूस इथे सम्राट होता, आणि तो फरक संगिनीवरसुद्धा पाळलेला आहे.

जुनी शस्त्रे पारखण्याविषयी या पुस्तकात बरेच लिहायचे आहे, पण संगिनीचे प्रकरण मी या एकाच नमुन्याभोवती बांधतो. कारण साधे आहे. तो लाखोंनी बनला, भारतात भरपूर उरला, आणि त्याच्यावर इतके ठसे आहेत की वाचायला शिकण्यासाठी दुसरे पाठ्यपुस्तक लागत नाही.

पाते उलटे करा. दुसऱ्या बाजूला सरकारी दफ्तर उघडते. कोंबडीच्या पावलासारखी तीन रेघांची खूण म्हणजे ब्रिटिश सरकारच्या मालकीचा बाण. त्या बाणाखाली आय असेल तर मालक भारत सरकार. शेजारी फुलीसारखा एक्स असतो, तो मात्र रद्द केल्याचा शिक्का नाही. कारखान्यात पाते वाकवून बघत, ते पुन्हा सरळ झाले तर हा एक्स मारत. ‘वाकूनही मोडली नाही’ असे ते प्रमाणपत्र आहे. मग तपासनिसांचे छोटे मुकुट आणि आकडे. पुढे दुरुस्तीला येऊन परत वाटपाला गेली असेल तर त्या त्या वर्षांचे आकडे. आणि कधी कधी दोन बाण, टोकाला टोक भिडवलेले. हा अर्थ लक्षात ठेवण्याजोगा आहे: सरकारने ही वस्तू नोकरीतून काढून विकली. निवृत्तीचा कागदच म्हणा.

इतके शिक्के कशाला? कारण संगीन ही सैनिकाची नव्हतीच. ती सरकारची होती आणि सैनिकाला वापरायला दिली होती. ती हरवली तर पगारातून कापत, बिघडली तर शस्त्रागारात जाई, तिथे कुणी तरी लाकूड बदले, कुणी स्क्रू बदले, कुणी भोक पाडे, आणि प्रत्येक जण आपली खूण ठेवून जाई. या प्रकरणात मला जे सांगायचे आहे ते इथेच सुरू होते. खरी संगीन म्हणजे कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली संगीन, ही कल्पना डोक्यातून काढून टाकावी. तशी क्वचितच मिळते. बहुतेक खऱ्या संगिनी दुरुस्त झालेल्या, सुटे भाग बदललेल्या, दुसऱ्याच म्यानात शिरलेल्या असतात. तेव्हा ‘सगळे मूळचे आहे का?’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. ‘जे बदलले ते लष्कराने बदलले असते का?’ हा विचारावा.

आता आकडी. १९०७ च्या नमुन्याचा बाप जपानी. जपानच्या अरिसाका रायफलीच्या, १८९७ साली ठरलेल्या संगिनीवर ब्रिटिशांनी आपली बेतली, आणि तिच्या परजेचे, म्हणजे मूठ आणि पाते यांच्यामधल्या आडव्या पट्टीचे, खालचे टोक पुढे वळवून आकडीसारखे होते तेही उचलले. शत्रूचे पाते त्या आकडीत अडकवून पिळायचे, अशी ती कल्पना. कवायतीच्या मैदानावर ती छान दिसली असेल. प्रत्यक्षात आकडी नको तिथेच अडके, म्हणून १९१३ साली ती रद्द झाली. आधीच वाटलेल्या संगिनी शस्त्रागारात आल्या की कामगार आकडी कापून टाकत आणि कापलेली जागा घासून गोल करत. आकडी टिकलेल्या संगिनी त्यामुळे विरळ झाल्या, आणि विरळ झाल्या म्हणून महाग. साध्या संगिनीच्या कित्येक पट भाव आकडीवालीला मिळतो. एवढे कारण बनवेगिरीला पुरेसे आहे. साधी संगीन घ्यायची, एक आकडी घडवायची, वेल्डिंग मारायचे, वरून काळे करायचे, झाले.

ती ओळखायची कशी? सगळ्यात सोपे म्हणजे तारीख. ब्रिटनमध्ये घडलेल्या संगिनीवर १५, १६ किंवा १७ साल असेल आणि आकडीही असेल, तर बोलणे संपले. चतुर बनावटवाला अर्थातच १९१० ची संगीन शोधतो. तिची आकडी कधी काळी लष्कराने कापलेली असते, हा ती परत लावतो. तेव्हा भिंग काढायचे आणि टॉर्च तिरपा धरायचा. खरी परज एकसंध घडलेली असते. गळ्यापासून आकडीच्या टोकापर्यंत तिची जाडी एका ओघात कमी होत जाते. जोड दिलेल्या आकडीच्या मुळाशी हा ओघ अडखळतो. किंचित फुगवटा किंवा किंचित खळगा दिसतो, आणि कानशीच्या रेघा तेवढ्याच पट्ट्यात आडव्या जातात. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या पोलादाचा रंगही निराळा झालेला असतो. तो लपवायला अख्खी परज काळी केलेली असते, आणि मग मुठीच्या दुसऱ्या टोकाचे पोलाद मात्र तपकिरी राहते. एकाच घरातली दोन माणसे, एक उन्हात राबलेला आणि एक कालच न्हाव्याकडून आलेला, असे काहीसे दिसते.

दुसरी खूण भोकाची. मुठीच्या मागच्या टोकाला खाच असते, रायफलीच्या नळीखालची खुंटी त्यात बसते. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत ती खाच चिखलाने आणि ग्रीसने भरून जाई आणि संगीन धड बसेना. म्हणून १९१६ मध्ये मुठीच्या टोकात आरपार भोक ठेवायला सुरुवात झाली, कचरा बाहेर पडावा म्हणून. आधीच्या संगिनींनाही दुरुस्तीच्या वेळी भोक पाडले गेले. म्हणजे १९१० च्या संगिनीला भोक असले तर तिच्यात काही खोट नाही, ती पुढेही नोकरीत होती इतकेच. पण १९१० ची आणि आकडी शाबूत, तरी भोक मात्र आहे, असे असेल तर थांबून विचार करावा. भोक पाडणाऱ्या शस्त्रागाराने आकडी का सोडली? असे घडलेच नाही असे नाही, पण खुलासा मागायचा हक्क आपल्याला आहे. ‘आकडी गेली, भोक आले’ एवढे तोंडपाठ असले तरी बाजारात अर्धे काम होते.

उरलेले अर्धे काम गंजाचे.

गंजाला लोक घाबरतात, किंवा त्यावर नको तितके भाळतात. तांबूस गंज दिसला की वस्तू जुनी, असा एक समज आहे. वास्तविक तांबूस, बोटाला लागणारा गंज हा नवा गंज. मीठ आणि व्हिनेगर चोपडून ओल्या मातीत पुरले की पंधरा दिवसांत हवा तेवढा मिळतो. जुन्या पोलादाचा गंज गडद तपकिरी, काही ठिकाणी काळसर, घट्ट बसलेला आणि हाताला गुळगुळीत असतो, कारण मधून मधून कुणी ना कुणी त्याला तेल लावलेले असते. आम्लाने खाल्लेले पाते ओळखायचे तर खड्ड्यांकडे बघा. आम्ल सगळीकडे सारखे चरते, सगळे खड्डे साधारण एकाच खोलीचे. निसर्गाचा गंज पक्षपाती असतो. म्यानाच्या तोंडाशी पाणी साचे तिथे जास्त, मुठीखाली घाम मुरे तिथे जास्त, आणि पात्याच्या मधोमध कदाचित काहीच नाही.

पण गंजाचा खरा उपयोग वेगळाच आहे. गंज आणि अक्षर यांत आधी कोण, हे बघता येते. गंजाचे खड्डे अक्षराच्या रेघेतून आरपार गेले असतील, रेघ मध्येच खाल्लेली असेल, तर अक्षर आधीचे आणि गंज नंतरचा. उलट, आजूबाजूचे पोलाद खड्ड्यांनी भरलेले पण अक्षराच्या तळाशी स्वच्छ, चकचकीत धातू, तर तो पंच गंज चढल्यावर मारलेला आहे. पुरातत्त्वाच्या खणतीत थर वाचतात तसेच हे, फक्त थर केसाएवढ्या जाडीचे. एखाद्या प्रसिद्ध पलटणीचे नाव टाकून साध्या संगिनीचा भाव वाढवणाऱ्यांना बहुधा हाच प्रकार पकडून देतो. पंच मारला की धातू नाहीसा होत नाही, बाजूला सरकतो. काल मारलेल्या पंचाची कड अंगठ्याच्या पेराला खरबरीत लागते. शंभर वर्षे हातांखालून गेलेल्या ठशाची कड बसलेली असते. ओतीव प्रतिकृतीत तर पंचच नसतो, साच्यातून आलेली अक्षरे असतात, त्यांच्या कडा साबणासारख्या विरघळलेल्या आणि तळ वाळूसारखा कणीदार.

चकाकीविषयी मात्र आपल्याकडे वेगळे बोलावे लागेल. परदेशी पुस्तके सांगतात, चकचकीत पाते दिसले की सावध व्हा. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत हा नियम चालत नाही. खंडेनवमीला शस्त्रे घासायची, राखेने, चिंचेने, लिंबाने, आणि मग हळदकुंकू वाहायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या झालेले असते. अशा घरातून आलेल्या पात्यावरची अक्षरे पुसट झालेली असतात आणि एखाद्या अक्षराच्या कोपऱ्यात तांबडे काही दिसते, ते गंज नसून कुंकू असते. हाताने घासलेल्या पात्यावर रेघा लांबीच्या दिशेने आणि वेड्यावाकड्या असतात. दुकानातल्या बफाने चकाकवलेले पाते आरशासारखे लख्ख असते, पण त्याच्या सगळ्या कडा गोल होतात, पन्हळीची धार सुद्धा. पहिल्याला मी हरकत घेणार नाही. दुसऱ्याने एक चांगली संगीन कायमची बिघडवली, इतकेच म्हणेन.

पन्हळीचा विषय निघालाच आहे तर: पात्याच्या दोन्ही बाजूंना असलेली ती लांब खोबणी रक्त वाहून जाण्यासाठी असते, असे तुम्हाला हमखास कुणी तरी सांगेल, आवाज खाली आणून. तसे काही नाही. पन्हळीमुळे वजन कमी होते आणि ताठपणा राहतो, इमारतीच्या लोखंडी तुळईला मध्ये बारीक ठेवतात तशातलाच तो हिशेब. पात्यावरचे काळे डागही रक्ताचे नव्हेत. म्यानाचे कातडे साली-हिरड्यांनी कमावलेले, त्यातला तुरट अंश लोखंडाशी मिळून काळा पडतो. आवळा लोखंडी कढईत घातला की जे होते तेच. कातडी म्यानात वर्षानुवर्षे पडलेल्या पात्यावर असे डाग येतात, म्हणून जपणूक करणारे पाते आणि म्यान वेगवेगळे ठेवायला सांगतात. पारख करणाऱ्याला मात्र हे डाग आवडतात, कारण ते खोटे करायचे तर फार धीर लागतो.

मोजमापे पटकन सांगतो. पाते १७ इंच, म्हणजे ४३२ मिलिमीटरच्या आसपास. पूर्ण लांबी पावणेबावीस इंच. परजेच्या कड्याचा आतला व्यास साडेसोळा मिलिमीटर. वजन पाऊण-एक किलो सांगणारे भेटतात, पण ते अर्ध्या किलोच्याही जरा खालीच भरते. व्हर्नियर आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरे. झिजेचा थोडा फरक सोडून द्यावा, पण कड्यात करंगळीएवढी मोकळी जागा असेल तर ती संगीन कधी रायफलीवर चढलीच नव्हती.

मुठीचे लाकूड अक्रोडाचे, दोन स्क्रूंनी बसवलेले. इथे एक सापळा आहे. लाकडावर दोन आडव्या खाचा कोरलेल्या दिसल्या की बनावट म्हणून हिणवू नये. ती १९०७ ची नाही, १९१३ ची बहीण आहे. पॅटर्न १४ रायफलीची संगीन दिसायला इतकी सारखी होती की अंधारात हाताला कळावे म्हणून तिच्या मुठीवर खाचा पाडल्या. अमेरिकेने तीच पुढे १९१७ ची म्हणून घेतली आणि खाचाही ठेवल्या. लाकडाचे वय मात्र तिघींतही सारखेच बघायचे. लाकूड आडव्या अंगाने आकसते, म्हणून जुन्या मुठीच्या कडा मधल्या पोलादी पट्टीशी तंतोतंत सपाट राहत नाहीत, कुठे तरी नख अडकते. दोन्ही एकदम सपाट असतील तर लाकूड आणि पोलाद एकत्रच घासले गेले आहे. स्क्रूच्या डोक्यावर फुलीची खाच असेल तर तो स्क्रू निश्चित नंतरचा, ती पद्धत १९३० च्या दशकात आली. एका स्क्रूवरून संगीन नाकारायची नाही, पण दोन्ही डोक्यांच्या खाचा ओरबाडलेल्या असतील तर मूठ कुणी तरी उघडली होती, हे ध्यानात घ्यावे.

आता म्यान. संग्राहक पात्यावर जीव टाकतात आणि म्यानाकडे पिशवीसारखे बघतात, आणि म्हणूनच मी एकदा चांगला फसलो आहे. संगीन उत्तम होती, १९१७ ची सँडरसन, भोक जागच्या जागी, ठसे गंजाने नीट खाल्लेले. म्यान काळेभोर, शिवण घट्ट, दोन्ही टोकांना पोलाद. घरी येऊन रात्री नोटा तपासायचा जांभळा टॉर्च सहज त्याच्यावर मारला आणि शिवणीचा दोरा निळा-पांढरा चमकला, नवरात्रातल्या गरब्यातल्या कपड्यासारखा. जुना ताग-अळशीचा दोरा असा चमकत नाही. आधुनिक दोऱ्याला पांढरेपणा यावा म्हणून जे रसायन लावतात ते चमकते. सुटलेले टोक कातरून काडीच्या ज्योतीत धरले, तर राख न होता वितळून त्याची टिकली झाली. नायलॉन. साडीच्या दुकानात काठ खरा आहे का बघायला जे करतात तेच, फक्त पैसे देऊन झाल्यावर केले.

त्यानंतर मी म्यान आधी बघतो. बाहेरून नव्हे, आतून. १९०७ च्या म्यानाच्या तोंडाला पोलादी पट्टी असते, तिच्यात आतून दोन स्प्रिंगा असतात, त्या पात्याला धरून ठेवतात. टॉर्च तोंडात घालून बघावे. बाहेरचे कातडे हवे तितके चहात बुडवता येते, बुटाच्या पॉलिशने काळे करता येते, उन्हात तडकवता येते. आतल्या कातड्यापर्यंत हात पोचत नाही. तिथे ते जुन्या चपलेच्या तळव्यासारखे झिजलेले, पाते जाते-येते त्या वाटेवर गुळगुळीत असले पाहिजे. आत ताजे, लोकरीसारखे तंतू दिसले तर म्यानात पाते फारसे गेले-आलेच नाही. वासही घ्यावा. शंभर वर्षांच्या कातड्याला वास जवळजवळ उरत नाही. कधी कधी ते लाल भुकटी होऊन बोटाला लागते. हा ‘लाल कुज’ नावाचा रोग आहे, झाडाच्या सालींनी कमावलेल्या कातड्याला हवेतल्या गंधकाच्या अंशामुळे होतो. जुन्या कायदेग्रंथांच्या कातडी बांधणीवर तो तुम्ही पाहिला असेल. तो खोटा करणे अवघड, आणि कुणी केलेला मी पाहिला नाही.

पट्ट्याच्या खोळीत म्यान अडकावे म्हणून तोंडाशी एक बटण असते. सुरुवातीच्या म्यानांवर ते थेंबाच्या आकाराचे, नंतर गोल. टोकाची पोलादी टोपी आधी कातड्याच्या आत शिवलेली असे, युद्धकाळात ती वरून बसवायला लागले, सोपे पडे म्हणून. तेव्हा १९०९ ची संगीन आणि गोल बटणाचे, वरून टोपीचे म्यान अशी जोडी बाजारात दिसली तर जोडी जुळत नाही म्हणून नाक मुरडू नये. ब्रिटिश संगिनीला तिच्याच क्रमांकाचे म्यान दिले जात नसे. कातडे फाटे, म्यान फेकले जाई, पाते दुसऱ्यात जाई. उलट, १९०९ ची संगीन आणि थेंबाच्या बटणाचे, एकही ओरखडा नसलेले म्यान अशी देखणी जोडी समोर आली की मी खुर्ची ओढून बसतो आणि चहा मागवतो, कारण आता वेळ लागणार असतो.

जर्मनांचे मात्र उलटे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या त्यांच्या मौझर रायफलीच्या संगिनीवर क्रमांक असतो आणि तोच पोलादी म्यानावरही मारलेला असतो. दोन्ही जुळले तर भाव चढतो, आणि चढतो म्हणूनच न जुळणारे क्रमांक जुळवले जातात. अंकांचे वळण बघावे: पात्यावरचा ७ आणि म्यानावरचा ७ एकाच पंचाचे नसतीलही, पण जुना अंक घासून नवा मारलेला असेल तिथे पोलाद किंचित खोलगट झालेले असते, पट्टी आडवी ठेवली की खालून उजेड दिसतो. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन संगिनींत करवतीच्या दातांच्या पाठीची मागणी सर्वांत जास्त. ती खंदक खोदणाऱ्या तुकड्यांना लाकूड कापायला दिलेली, पण प्रचाराने तिला क्रौर्याचे चिन्ह केले आणि १९१७ च्या सुमारास जर्मनांनी स्वतःच ते दात घासून टाकायला लावले. म्हणजे दात घासलेल्या खऱ्या संगिनी आहेत, आणि साध्या पाठीला ग्राइंडरने नंतर दात पाडलेल्या खोट्याही आहेत. दातांच्या दऱ्यांत बघा. पाठ तपकिरी आणि दऱ्या चकचकीत असतील, तर पुन्हा तोच गंजाचा न्याय.

भारतात सापडणाऱ्या वस्तूंबाबत परदेशी मार्गदर्शके आणखी एका ठिकाणी घसरतात. ओबडधोबड म्हणजे खोटे, असे ती समजतात. दुसऱ्या महायुद्धात ईशापूरला १७ इंची पाती कापून १२ इंचांची केली गेली, आणि मुळातच १२ इंचांची, पन्हळ नसलेली नवीही घडवली गेली. युद्धाची घाई होती, कड घासायला वेळ नव्हता. मुठीचे टोक चौकोनी राहिले, कानशीच्या रेघा तशाच राहिल्या. हे ओबडधोबडपण खरेच आहे. कापलेल्या पात्यावर पन्हळ जवळजवळ टोकापर्यंत पळत जाते, ही तिची खूण. घरगुती कापाकापी केलेली संगीन वेगळी ओळखू येते, तिला उसाच्या फडात राबलेल्या कोयत्याचे रूप आलेले असते, धार दोन-तीनदा लावलेली, आणि टोक कापणाऱ्याच्या मनाला येईल तसे.

नेपाळचा मामला याहून मजेदार. २००३ साली काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुना लष्करी साठा अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतला आणि तोफा, बंदुका, संगिनी जगभरच्या संग्राहकांत पोचल्या. त्यांतल्या पुष्कळ नेपाळमध्येच हाताने घडलेल्या, ब्रिटिश नमुना समोर ठेवून. नळीवर चढवायच्या तिधारी संगिनींची कडी जरा वाकडी, ठोके दिसणारी, आणि वर देवनागरी अक्षरे. लंडनच्या संग्राहकाला ती अक्षरे नक्षी वाटतात. आपल्याला वाचता येतात, हा आपला फायदा, आणि तोटाही तिथेच. देवनागरीत १९४२ दिसले की मराठी माणसाच्या डोक्यात चले जाव आणि दुसरे महायुद्ध येते. नेपाळी साल विक्रम संवताचे. त्यातून ५७ वजा केले की १८८५. सत्तावन्न वर्षांची चूक, आणि अक्षरे ओळखीची म्हणून कुणी शंकाही घेत नाही.

‘आजोबांनी लढाईतून आणली’ ही गोष्ट मी आदराने ऐकतो आणि बाजूला ठेवतो. वर सांगितले तसे, ब्रिटिश संगीन सरकारजमा करावी लागे, सैनिक ती खिशात घालून घरी येत नसे. शत्रूकडून मिळालेली आणणे शक्य होते, म्हणून एखाद्या मराठा पलटणीतल्या माणसाच्या घरात इटालियन किंवा जर्मन संगीन निघाली तर ती गोष्ट जास्त पटते. पण गोष्टीने गंजाचा क्रम बदलत नाही. आणि कायदा विसरू नये: शस्त्र कायद्याखालच्या नियमांत संगीन हा शब्द तलवार-खंजिराच्या रांगेत स्पष्ट लिहिलेला आहे, परवान्याची गरज जागेप्रमाणे बदलते, तेव्हा आपल्या पोलीस ठाण्यात आधी विचारावे. शंभर वर्षांपलीकडच्या वस्तूला १९७२ चा पुरावस्तूंचा कायदाही लागू होऊ शकतो, आणि तशी वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही.

हे लिहिताना समोर एक संगीन आहे. बाजारात ती घ्यायला कुणी तयार नव्हते, कारण तिच्यात काहीच जुळत नाही. डाव्या बाजूला ई. आर., खाली ११ आणि ०९, विल्किन्सन. म्हणजे नोव्हेंबर १९०९, तेव्हा आकडी असणार. ती नाही. परजेचे खालचे टोक भिंगाखाली किंचित सपाट आहे आणि सपाटीवरही तितकाच तपकिरी रंग चढला आहे, म्हणजे कापून फार वर्षे झाली. मुठीच्या टोकाला भोक आहे, त्याची कड आतून जराशी तीक्ष्ण, नंतर पाडलेले. उजवीकडे एक्स, तपासनिसाचे दोन मुकुट, मग १८, मग २४, आणि बाणाखाली आय. मुठीचे एका बाजूचे लाकूड काळपट, दुसऱ्या बाजूचे फिकट आणि दाणा वेगळा. म्यान भारतात शिवलेले, गोल बटणाचे, आत टॉर्च घातला की झिजेची वाट दिसते. पात्यावर दोन्ही बाजूंना म्यानाच्या स्प्रिंगांनी उमटवलेल्या दोन समांतर रेघा आहेत, पाते या म्यानात सरकवले की स्प्रिंगा नेमक्या त्याच रेघांवर येतात. आणि त्यांच्या बाहेरच्या बाजूला, पाव इंच अंतरावर, आणखी एक जोडी आहे, फार पुसट, टॉर्च अगदी आडवा धरला तरच दिसणारी. ती या म्यानाची नाही.